पोट भरतं, अंग भरत न्हाई

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, नवरा कुठल्या कंपनीत आहे तेही विचारलं नाही. बाजेवर बसून शेंगा फोडत होते. वर न बघताच म्हणाले, "डाळ रोज खाता का?"

माझा नवरा गडबडला. "हो, म्हणजे, आमटी असतेच की."

"आमटी म्हंजी पानी का डाळ?"

मला तेव्हाच राग आला होता. भाडं आम्ही देणार, चूल आमची, आणि पातेल्यात डोकावणार हा कोण? पण पुण्याजवळच्या घोटावड्यात त्या काळात कारखान्याच्या जवळ, नळ दारात असलेली खोली मिळणं अवघड होतं. मी म्हटलं, "पळी उभी राहील एवढी डाळ असते."

"मग ऱ्हावा," म्हणाले. "ज्या दिशी पळी आडवी झाली, त्या दिशी खोली मोकळी करायची."

आम्ही बार्शीकडची माणसं. ज्वारीची भाकरी आणि डाळ यांवर वाढलेली. तरीसुद्धा पुढची काही वर्षं मी त्या माणसावर जेवढी चिडले, तेवढी सासूवरही कधी चिडले नाही.

गावात त्यांना मेजर म्हणत. फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस गावाला मेजरच असतो. कुणी हाक मारली की ते तिथंच थांबायचे आणि ओरडायचे, "मेजर तुझा बा! मी कुक व्हतो. कुक म्हन." आता म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात 'अहो कुक' कोण म्हणणार? त्यामुळे रोज हे भांडण. दुधवाला, वायरमन, ग्रामपंचायतीचा शिपाई, कुणी सुटलं नाही. आणि तरी सगळे त्यांना मेजरच म्हणायचे, मीसुद्धा म्हणायचे. फक्त पुढं काका लावायचे.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन मुलगे. थोरला जमिनीच्या व्यवहारात, धाकटा बावधनला फ्लॅटमध्ये. रस्त्याकडची जमीन कारखान्याला गेली, उरलेल्या तुकड्यावर मुलांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि बापाला त्यातलीच शेवटची खोली दिली. खोल्यांच्या मागं एक वावर शिल्लक होतं. तिथं मेजर मका लावायचे. मुळशीत मका म्हणजे गुरांचा चारा, फार तर धरणाकडं जाणाऱ्या पर्यटकांसाठी भाजायचं कणीस. माणसानं मका जेवायचा, तोही रोज, हे गावाला येडेपणाचं वाटायचं. "मेजर, बैल कधी झाला?" असं पारावरची पोरं विचारायची. त्यावर ते जे बोलायचे ते मी इथं लिहू शकत नाही.

त्यांच्या खोलीबाहेर एक निळं पिंप असायचं. त्यात सुकवलेला मका भिजत घालायचे. दोन-तीन दिवसांनी तो फुगला की ओलाच दळून आणायचे. गिरणीवाला ओलं दळायला तयार नव्हता, जातं चिकट होतं म्हणायचा, म्हणून त्यांनी स्वतःचं छोटं यंत्र घेतलं होतं. मग त्या पिठाचा गोळा मळून, ओल्या फडक्याखाली आणखी दोन-तीन दिवस आंबवायचे. तो वास! पहिल्यांदा आला तेव्हा शेजारच्या खोलीतला नगरचा मुलगा पत्र्यावर चढून मेलेला उंदीर शोधत होता. मेजर खाली उभे राहून त्याला शिव्या घालत होते. "उंदीर तुझ्या नाकात मेलाय! जेवान हाय ते!"

आंबलेल्या पिठाचा अर्धा भाग मीठ-पाणी घालून कढईत हाटायचे. आपण उकड हाटतो तसंच, पण दोन्ही हातांनी, मोठ्या लाकडी पळीनं, घाम येईपर्यंत. मग तो शिजलेला भाग उरलेल्या कच्च्या पिठात मिसळायचा, त्याचे गोळे करायचे, कणसावरच्या सुकलेल्या पानांत बांधायचे आणि झाकण लावून उकडायचे. याला ते केंके म्हणत. हे नाव ऐकून मला आधी वाटलं हे त्यांचंच काहीतरी. पण नाही. नोकरीत असताना ते शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेले होते. तिथं शेजारच्या छावणीत घाना देशाच्या पलटणीचा आचारी होता. त्यानं मेजरना केंके शिकवलं, मेजरनी त्याला फोडणीची डाळ शिकवली. त्या माणसाबद्दल बोलताना मात्र मेजरचा आवाज खाली यायचा. "दोन हातात दोन टोप उचलायचा गडी. आन हसायचा कसा, टोप वाजल्यावानी."

दर रविवारी प्रत्येक खोलीत एक-एक केंके यायचं. नुसतं द्यायचे नाहीत. दारात उकिडवे बसायचे आणि खाऊन होईपर्यंत उठायचे नाहीत. सोबत सुकटीची चटणी, नाहीतर पावट्याची घट्ट उसळ. मला पहिल्यांदा ते आंबीलच बिघडल्यासारखं लागलं. आंबट, जड, घशात बसणारं. मी कसंबसं गिळलं. पुढं पुढं आवडायला लागलं हे खरं, उसळीबरोबर तर चांगलंच, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. कशाला सांगू? आवडलं म्हटलं असतं तर बुधवारीही आलं असतं. तसंही ते त्या पिठाचं काय काय करायचे. ताक आणि हिरवी मिरची घालून पेज, लसणाचे घावणे, थंडीत तव्यावर जाडसर थापून त्यावर तेल आणि ठेचा. घावणे मात्र मी स्वतःहून मागून घेत असे.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं, आणि ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की माझ्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसलं. "मका लबाड हाय. पोट भरतं, अंग भरत न्हाई. त्याला जोडीदार लागतो. डाळ लागती, शेंगा लागत्यात, मासळी लागती. एकटा मका खाल्ला तर मानूस भरल्या पोटी मरतो." आंबवलं की दाण्यात अडकलेलं सुटतं, असंही म्हणायचे. यातलं बरंचसं खरं असेल. पण त्यांच्या डोक्यात बाकीचंही खूप काही होतं. पांढरा भात खाणाऱ्याला टक्कल पडतं. बिस्कीट खाणारं पोर मोठेपणी खोटं बोलतं. किराणा दुकानात एखाद्या बाईच्या हातात बिस्किटाचा पुडा दिसला की हिसकावून परत काउंटरवर आपटायचे. पुतण्याच्या लग्नात भर मांडवात त्यांनी आमटीचं झाकण उघडून पाहिलं, पळीनं ढवळलं आणि केटररला सगळ्या पाहुण्यांसमोर बोलावून विचारलं, "ह्यात डाळ बुडून मेली का वर आलीच न्हाई?" थोरला मुलगा त्यानंतर कितीतरी महिने त्यांच्याशी बोलला नाही. मला मुलाची बाजू पटली होती. राग आला म्हणून लग्न नासवायचं का?

आणि मग रमिला आली.

रमिला, तिचा नवरा कैलास आणि त्यांची लहान मुलगी गुड्डी. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची माणसं. कैलास जवळच्या गोदामाच्या बांधकामावर होता, रमिलाही तिथंच घमेली उचलायची. त्यांनी मेजरच्या कोपऱ्यातली खोली घेतली. डाळीचा प्रश्न त्यांनाही विचारला होता. कैलासला मराठी कळत नव्हतं, त्यानं नुसती मान हलवली.

गुड्डी वर्षाच्या पुढची असेल, पण उभी राहत नव्हती. सावलीत पोत्यावर बसवली की बसवली तिथं बसायची. इतकं गुणी लेकरू, मी म्हणायचे. रडत नाही, हट्ट करत नाही, हातात दिलेलं खेळणं तसंच धरून ठेवते. मला कळायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. मला नाही कळलं. गाल भरलेले होते तिचे. केस तांबूस होते, ते मी उन्हानं झाले असं समजत होते.

एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. रमिलाला त्या दिवशी काम नव्हतं. तिनं अंगणात तीन दगडांवर पातेलं ठेवलं होतं आणि मक्याची पातळ पेज शिजवत होती. मेजर पिंप घासून येत होते. गुड्डीपाशी थांबले. खाली बसले. तिच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. मी चार पावलांवरून पाहत होते. अंगठ्याचा खड्डा भरून आला नाही, ते पाऊल बघतच राहिले. मग तिचे केस बोटांत धरून पाहिले.

उठले ते ओरडतच उठले. "ह्ये काय घालतीस हिला? ह्येच? रोज ह्येच?"

रमिला घाबरून उभी राहिली. "राब है, दादा. मक्के की. हमारे उधर सब यही खाते हैं."

"डाळ कुटं हाय? दूध कुटं हाय? मारतीस तू हिला! आपल्या हातानं मारतीस!" पुढचं हिंदीत, मराठीत, कशातही. खोल्यांतून माणसं बाहेर आली. रमिला एकेका तोंडाकडं बघत होती, कुणीतरी मधे पडेल म्हणून. आणि मेजरनी त्या पातेल्याला लाथ मारली.

पातेलं अंगणभर घरंगळलं. पेज धुळीत गेली. गुड्डी तशीच बसून होती. एवढा आरडाओरडा झाला, पातेलं तिच्या बाजूनं गेलं, तरी ती रडली नाही.

मी ओले कपडे टाकून धावले आणि त्यांच्या अंगावर ओरडले. "लाज नाही वाटत? त्यांच्या घरात एकच भांडं शिजतंय आणि तेही तुम्ही उडवता? आचारी म्हणवता स्वतःला?" आयुष्यात मी कुठल्या म्हाताऱ्या माणसाशी असं बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. रमिला धुळीतून पातेलं उचलून आत गेली. मी भात आणि वरण नेऊन दिलं, ते तिनं घेतलं नाही. दार अर्धंच उघडलं आणि "रहने दो, दीदी" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली रिकामी होती. मुकादमानं त्यांना त्याच्या बावधनच्या साइटवर हलवलं होतं, तिथल्या पत्र्याच्या कॅम्पमध्ये.

मला वाटलं, चला, सुटली ती. मेजरशी मी बोलणं टाकलं. रविवारचं केंके दारातून परत पाठवलं. त्यांनी ते गुपचूप परत नेलं. मग एका सकाळी दार वाजलं. मेजर डोक्याला टोपी, हातात डबा, स्कूटर चालू ठेवून उभे. "चल."

"कुठं?"

"बावधनला. त्या पोरीला दवाखान्यात न्ह्यायची हाय. माझ्यासंगं ती यायची न्हाई. तू चल."

मी म्हटलं, "तुम्ही आधी तिची माफी मागणार असाल तर येते."

"त्ये बगू," म्हणाले. माफी हा शब्द त्यांच्या तोंडून तेव्हाही आला नाही, नंतरही नाही. मी का गेले, तर गुड्डीचं पाऊल. ते दाबल्यावर पडलेला खड्डा मीही पाहिला होता आणि तेव्हापासून मला स्वस्थता नव्हती.

पिरंगुट, भूगाव करत आम्ही गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिल्डिंगांच्या जाहिराती, त्यांवर हसऱ्या कुटुंबांची चित्रं. साइटच्या गेटवर वॉचमननं अडवलं. मी आत निरोप पाठवला. बराच वेळ कुणी आलं नाही. मग रमिला आली, गुड्डीला कडेवर घेऊन. गुड्डीचे पाय आणखी सुजलेले. मेजरकडं पाहून ती थांबली आणि तिथूनच बोलली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"खाना था वो, दादा. आपने लात मारी."

"व्हय," मेजर म्हणाले.

"मुझे मालूम नहीं क्या दाल चाहिए? हमारे गाँव में मक्के के साथ उड़द खाते हैं, बकरी का दूध रहता है. यहाँ मुकादम के दुकान से राशन मिलता है, मजूरी में से कटता है. उसमें आटा है, चावल है. दाल वो रखता ही नहीं. बाहर से लाने को पैसा हाथ में कब आता है? आपने पूछा? चिल्लाने से पहले एक बार पूछा?"

  मेजर गेटच्या लोखंडी दांडीला धरून उभे होते. मग एवढंच म्हणाले, "पोरीला घेऊन चल. मला मागनं बोल."

आणि तेवढ्यात मुकादम आला. पांढरा शर्ट, कानाला फोन. कामाच्या वेळेत बाई बाहेर कशी, एवढंच त्याला विचारायचं होतं. मेजरचा सगळा राग तिथं वळला. "तुझ्या दुकानात डाळ का न्हाई रं?"

मुकादम हसला. "आजोबा, मी काय अन्नछत्र उघडलंय?"

मेजरनी त्याची कॉलर धरली. वॉचमन धावला, मी मधे घुसले, टोपी पडली, डबा पडला. म्हाताऱ्या माणसावर कुणी हात उचलला नाही एवढंच नशीब. पण मुकादमानं कैलासला तिथल्या तिथं बोलावून सांगितलं, बोचकं उचल, उद्यापासून येऊ नको.

मी रिक्षा केली, मेजर स्कूटरवर मागून आले. रिक्षात रमिला गुड्डीला घेऊन माझ्या शेजारी बसली होती. ती कुणाकडंही न बघता म्हणाली, "अब दाल छोड़ो, आटा भी गया."

ते वाक्य आठवलं की मला अजून संताप येतो. मुकादमाचा तर येतोच. माणसाला दिवसभर स्लॅबवर राबवायचं आणि त्याच्या पोराच्या ताटातली डाळ आपल्या दुकानातून काढून टाकायची, आणि वर हसायचं. पण मेजरचाही येतो. राग त्यांचा, आणि रोजी गेली कैलासची. रागावणं त्यांना परवडत होतं. डोक्यावर पत्रा होता, पेन्शन होती. ज्यांना रागावणं परवडत नाही त्यांच्या वतीनं रागावताना जरा विचार करावा माणसानं.

बावधनहून शहरातले दवाखाने जवळ होते, पण आम्ही पौडला गेलो, सरकारी दवाखान्यात. घोटावड्याहून मला डबा देता येईल म्हणून. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी गुड्डीला पाहिलं आणि लगेच दाखल करून घेतलं. बाहेर येऊन मला समजावलं. मुलीचं पोट भरत होतं, पण शरीर बांधायला जे लागतं ते मिळत नव्हतं. नुसत्या मक्यावर, तेही इतक्या पातळ, हेच होतं. गाल भरलेले दिसतात ती सूज असते. "आणि ही रडत नाही ना, ते वाईट लक्षण आहे," त्या म्हणाल्या. "अशी मुलं रडायचीही ताकद गमावतात."

मेजर पुढं सरकले. "बाई, आंबिवलेल्या पिठाची पेज करून आनतो. त्यात मुगाची डाळ वाटून घालतो. दोन दिसात उभी ऱ्हाईल."

"अजिबात नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "एकदम काही दिलं तर जिवावर बेतेल. आधी आम्ही देऊ ते दूध, थोडं थोडं. तुमचं पीठ नंतर बघू."

"पन मी सोत्ता बगितलंय..."

"आजोबा, बाहेर बसा."

बाहेर बसले ते. पुढचे सगळे दिवस बाहेरच बसले. व्हरांड्यात, बाकावर, टोपी मांडीवर ठेवून. मी डबा घेऊन जायचे तेव्हा तिथंच असायचे. सिस्टर त्यांच्यावर खेकसायच्या, पाय आत घ्या म्हणून, आणि ते पाय आत घ्यायचे. एकदा मी शेजारी बसले. मला त्यांना टोचून बोलायचं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला त्या दिवशी एवढं कशाचं पेटलं होतं?"

 ते समोरच्या भिंतीकडं बघत बोलायला लागले. "तितं आमच्या छावनीला कपडे धुवायला एक बाई यायची. पाठीला पोर बांधलेलं. असंच. तांबडं केस, फुगलेलं पाय. रडायचं न्हाई. आमी म्हनायचो, लई गुनी पोर हाय. लाडानं गाल वढायचो त्याचं." मांडीवरची टोपी उलटी केली. "एक दिस बाई आली, पाठ मोकळी. त्या घानावाल्यानं मला मग सांगितलं, नुसत्या मक्याच्या पान्यावर व्हतं ते. त्याला ठावं व्हतं, त्याच्या गावात बगितलेलं. मी रोज चारशे मानसांचा सैपाक करायचो पोरी. आन मला गुनी वाटलं ते पोर."

 मीही गुड्डीला गुणी म्हटलं होतं.

पण म्हणून माझा राग गेला असं नाही. एका मेलेल्या मुलाचं दुःख दुसऱ्या मुलाच्या आईच्या पातेल्यावर काढायचं नसतं. हे मी त्यांना तिथंच सांगितलं. ते "व्हय" म्हणाले.

गुड्डीची सूज उतरली तेव्हा आत एवढंसं काटकुळं लेकरू निघालं. तिला घेऊन रमिला आणि कैलास परत कोपऱ्यातल्या खोलीत आले, दुसरीकडं जाणार कुठं? भाड्याचं मेजर बोलले नाहीत. थोरला मुलगा येऊन बोलला. "धर्मशाळा काढलीय का बाबा?" मेजर त्याच्यावर असे धावून गेले की तो गाडीत बसून निघूनच गेला. कैलासला शेजारच्या फाउंड्रीत काम मिळेपर्यंत दोघं मागच्या वावरात राबली. पेरणी झाली. मका वीतभर वर आला आणि एका सकाळी मागून आरडाओरडा ऐकू आला.

"माझ्या मक्यात ह्यो कचरा कुनी पेरला?"

मी गेले. मक्याच्या ओळींच्या मधे दुसरीच बारीक हिरवी रोपं उगवली होती. रमिला खाली बसून खुरपत होती. मेजर बांधावर उभे राहून तोंडाला येईल ते बोलत होते. विचारलं का मला? रान तुझ्या बापाचं हाय का? रमिला खुरपत राहिली. त्यांचं बोलून झाल्यावर, मान वर न करता, म्हणाली, "उड़द है."

"मग सांगायचं न्हाई?"

"आप सुनते कब हो?"

मेजरनी माझ्याकडं बघितलं. मला हसू आवरेना. ते पाय आपटत गेले. पण त्या दिवसापासून मक्याला पाणी धरताना मधल्या उडदावर पाय पडू नये म्हणून ते कसे कडेकडेनं, बगळ्यासारखे चालायचे ते सगळ्या खोल्यांनी पाहिलं.

रमिलाला आता त्यांची भीती उरली नव्हती. ते ओरडायचे, ती आपलं काम करायची. कधी उलट ओरडायची. अंगणात दोघांची भांडणं लागली की नगरचा मुलगा म्हणायचा, रेडिओ लागला. केंकेत मीठ किती, यावर भांडण. आंबवायचं किती दिवस, यावर भांडण. तिला ते जास्त आंबट नको असायचं. मुलीला कमी आंबवलेलं, उडदाची घट्ट डाळ कालवून ती भरवायची. डॉक्टर बाईंनीच तसं सांगितलं होतं, पण मेजरना ते आपल्या शास्त्राविरुद्ध वाटायचं.

उडीद निघाला त्या रविवारी मेजरनी सगळ्यांना अंगणात बसवलं. नव्या उडदाची आमटी, केंके, शेंगदाण्याची चटणी. गुड्डी तोपर्यंत धरून धरून चालायला लागली होती. मेजर स्वतः खाली बसले, केंकेचा तुकडा आमटीत बुडवला आणि तिच्या तोंडापुढं धरला. त्यांच्या पद्धतीचं, चांगलं कडक आंबलेलं. तिनं तोंडात घेतलं. चेहरा वाकडा केला. थू करून त्यांच्या शर्टावर थुंकली. त्यांनी दुसरा घास पुढं केला, तिनं वाटीच दोन्ही हातांनी ढकलून दिली आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, अंगण दणाणून सोडलं. मी तिचं रडणं असं कधी ऐकलंच नव्हतं.

सगळे मेजरकडं बघत होते. माझा तेवढा अपवाद सोडला तर त्यांचं केंके नाकारून आजवर कुणी सुखरूप गेलं नव्हतं. रमिला तिला उचलायला पुढं झाली.

"हात लावू नगो," मेजर म्हणाले. "वरडू दे. चांगलं वरडू दे तिला." आणि आमटीनं माखलेला शर्ट तसाच ठेवून ते तिच्यासमोर बसून राहिले, तिचा सगळा राग संपेपर्यंत.

दोन वर्षांनी रमिला आणि कैलास गावाकडं परत गेले. आम्हीही पुढं बावधनला राहायला आलो. मेजरच्या मुलांनी खोल्या पाडून ती जागा गोदामाला दिली आणि बापाला धाकट्याच्या फ्लॅटवर नेलं. तिथं पिंप ठेवायला जागा नव्हती, वासाची तक्रार सोसायटीनं केली असती. मका लावायला माती नव्हती. मी एकदा भेटायला गेले होते. टीव्हीसमोर बसले होते. सून म्हणाली, अलीकडं काही त्रास नाही हो त्यांचा. त्रास नाही! मला ताडकन उठून जावंसं वाटलं होतं.

गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. कुणाच्या तरी स्टेटसवर फोटो दिसला, हार घातलेला. मी रमिलाला फोन लावला. नंबर तोच होता. तिला सांगितलं.  तिनं एवढंच विचारलं, "किससे झगड़ रहे थे?"

"कुणाशीच नाही गं," मी म्हटलं. "शेवटी शेवटी बोलतच नव्हते म्हणे. समोर येईल ते गपगुमान खायचे."

"फिर तो बहुत बीमार रहे होंगे, दीदी," ती म्हणाली.